शेऱ्यांचा रकाना

दुपारी ट्रक येऊन जुना सर्व्हर घेऊन जाणार, हे नेव्हिल प्रूएटने मला दारातच सांगितलं. आई गेल्याबद्दल एक शब्द नाही. कासव केंद्राचा प्रमुख आता तोच होता.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या उत्तरेला, या किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांच्या घरट्यांची नोंद आईने हयातभर ठेवली. तारखा, वाळूचं तापमान, अंडी, सगळं नव्या यंत्रणेत गेलं होतं. आईचे शेरे तेवढे जुन्या सर्व्हरवर मागे राहिले. तिथे शेऱ्यांना रकानाच नव्हता. नेव्हिलने ठेवू दिला नव्हता. मला ते शेरे हवे होते. आई पत्रं लिहीत नसे, फोनवर हवापाण्याचं बोलायची. मनातलं जे लिहिलं ते घरट्यांच्या नोंदींपुढे.

तिच्या खुर्चीवर नेव्हिलची टोपी होती. ती टेबलावर सरकवून मी लॅपटॉप उघडला.

"सांगतो तसं टाइप कर," तो म्हणाला. "मला दिवसभर वेळ नाही."

पोटासाठी मी हेच काम करते, एका रुग्णालयाच्या नोंदी काढून देते. पण आईचा पासवर्ड म्हणजे आमच्या मेलेल्या कुत्रीचं नाव निघालं, माझं मन तिथेच अडकलं, आणि मग तो सांगत गेला तशी शेरे काढायची क्वेरी मी टाइप करत गेले. क्वेरी यशस्वी, असं पडद्यावर आलं.

"झालं. नीघ आता."

मी माझं फोल्डर उघडलं. फाइल नव्हती.

"कुठे आहे?"

"सेव्ह झाली की. वाचता येत नाही?" त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

मग माझ्या लक्षात आलं. त्याने सांगितलेली कमांड फाइल लिहिते ती सर्व्हरच्याच डिस्कवर. माझ्याकडे काहीच येत नाही. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकत होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"फाइलमध्ये सेव्ह करायचंय म्हणालीस. कुणाच्या मशीनवर, ते कुठे म्हणालीस?"

"खोली उघडा."

"बाहेरच्यांना मनाई आहे, ब्रॉन. तुझ्या आईनेच लावून घेतलेला नियम."

बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज सुरू झाला.

मी डेटाबेसमधून बाहेर पडले. तीच क्वेरी माझ्या लॅपटॉपच्या कमांड लाइनवरून दिली, शेवटी बाणाची खूण आणि फाइलचं नाव. असं केलं की निकाल आपण बसलोय तिथेच लिहिला जातो. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"फसलं वाटतं," नेव्हिल म्हणाला. "आईवर गेलीस."

मी फाइल उघडली.

"नेव्हिलने अंडी दुसऱ्या दिवशी हलवली. उशीर. सांगूनही." बरंच खाली: "ब्रॉनचा वाढदिवस. फोन राहिला. वाळू गार." पुढे पुन्हा नेव्हिल.

तो माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"माझं नाव किती वेळा घातलंय म्हातारीने?"

"मोजून देऊ? एका ओळीचं काम आहे."

त्याने कप खाली ठेवला. "नको."

मी फाइलच्या तळाशी जाऊन शेवटची नोंद आल्याची खात्री केली. मग आईच्या नावाने केलेलं लॉगिन बंद केलं.

ट्रकवाला दारातून विचारत होता, कुठलं न्यायचं.

"आतलं," नेव्हिल म्हणाला, आणि पट्ट्याची किल्ली काढून त्याच्याकडे फेकली.