खालून गार

प्रतिभाने तिसरा तुकडा भट्टीच्या थाळीत ठेवला आणि तिचा हात थबकला. तुकडा खालून गार लागला होता. तिने आधीचे दोन उचलून गालाला लावून पाहिले. तेही गारच. वरून खडखडीत दिसत असले तरी आत अजून ओल होती.

निकिता नुकतीच बाहेर पडली होती. उद्या, रविवारी, सिन्नरला तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि एसटी चुकायला नको म्हणून तिची दुपारपासून नुसती पळापळ चालली होती. जाता जाता तिने तुकड्यांचा डबा प्रतिभाच्या हातात दिला.

"ताई, तापमान, वेळ, सगळं मी भट्टीवर लावून ठेवलंय. तुम्ही फक्त हे आत ठेवा आन् बटण दाबा. तुम्ही हाय म्हणल्यावर मला काय काळजी नाय."

फक्त बटण दाबा! गंगापूर रोडवरच्या या प्रयोगशाळेत ही भट्टी आली तेव्हा तिचं खोकं प्रतिभानेच उघडलं होतं. तुटलेल्या हाडात बसवायचा जाळीदार तुकडा आपण नाशकात तयार करायचा, असं देवरे सरांनी मनात घेतलं आणि आठ वर्षं ते काम रेटलं प्रतिभाने. गादीचा स्पंज कापायचा, हाडात असतं त्याच खनिजाच्या भुकटीच्या घोळात तो बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीला लावायचा. स्पंज जळून जातो, मागे त्याची जाळी उरते, आणि त्या जाळीच्या आधाराने पेशंटचं स्वतःचं हाड वाढत जातं. सांगायला सोपं. प्रतिभाचे तुकडे मजबूत होत, पण त्यांची छिद्रं बुजलेली असत.

२००३च्या पावसाळ्यात निकिता आली. तिने घोळाचं मिश्रण आपल्या डोक्याने बदललं, आणि चार-दोन प्रयत्नांतच तिच्या तुकड्यांना अशी जाळी पडली की सरांनी एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून साऱ्यांना दाखवला.

"अनारशाला पडते तशी जाळी आहे! प्रतिभाताई, आपल्या आजवर नुसत्या भाकऱ्याच होत होत्या."

सगळे हसले. प्रतिभाही हसली. त्या संध्याकाळी इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं काही नंतर थांबलं नाही. त्या पोरीचं मोकळं हसणं, तिचं ते 'लय' आणि 'नाय', सरांचं ऊठसूट 'निकिताला विचारा', सगळंच प्रतिभाला टोचे. खपायचं आपण आणि मिरवायचं त्या पोरीने. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

सोमवारी हाडांचे डॉक्टर येणार होते. सशांवरच्या प्रयोगासाठी ते निकिताचे तुकडे घेऊन जाणार होते, आणि पुढे जे काही छापून येईल त्यावर पहिलं नाव तिचंच लागणार होतं.

ओला तुकडा भट्टीत तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो. हे प्रतिभाने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. एक रात्र ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवले असते तरी भागलं असतं. ओव्हन शेजारीच होता, रिकामाच होता.

तिने उरलेले तुकडे थाळीत मांडले, एकमेकांना चिकटणार नाहीत असे, अगदी व्यवस्थित. दार लावलं. मग सांगितलं होतं तसं बटण दाबलं आणि पर्स घेऊन घरी गेली.

सोमवारी भट्टी निकितानेच उघडली. थाळीत ठिकऱ्या होत्या. सरांनी वाकून पाहिलं, च्यक् केलं आणि डॉक्टरांना फोन करायला निघाले.

"आता प्रतिभाताईंचेच तुकडे देऊ," दारातून ते म्हणाले. "मजबूत तरी आहेत."

सुंठीवाचून खोकला गेला. प्रतिभाला आनंद झाला, चांगला भरभरून झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती फडकं घेऊन काचेची भांडी पुसत बसली. निकिता रडली नाही. मान खाली घालून ती ठिकऱ्या एकेक करून डब्यात भरत होती.

"पाहुण्यांचं काय झालं गं?" काहीतरी बोलायला हवं म्हणून प्रतिभाने विचारलं.

"पसंती हाय म्हणत्यात. मी सांगून टाकलं, काम सोडणार नाय." ती थांबली. "ताई, मध्ये लाईट गेली होती का हो?"

"नाही."

"मग ओलेच राहिले असतील. मी लय घाई केली त्या दिवशी."

प्रतिभा भांडं उजेडात धरून बघत राहिली. पुसायचं काही उरलं नव्हतं त्यात.

"नाही गं. कोरडे होते. लावताना मी हात लावून बघितलं ना."

"तुम्ही बघितलं म्हणल्यावर मग प्रश्नच मिटला," निकिता म्हणाली. ती बराच वेळ हातातल्या एका ठिकरीकडे पाहत होती. "म्हणजे माझं मिश्रणच चुकतंय. आधीचे नशिबानं चांगले निघाले. बरं झालं इथंच फुटले, ताई. सशाच्या पायात फुटले असते तर? मुकं जनावर ते."

प्रतिभाने पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घेतलं.

"सरांना सांगते, हे बंद करते म्हणून. मला तुमच्याच पद्धतीनं शिकवाल? पार पहिल्यापासून?"

"शिकवीन की."

निकिताने फडताळातून घोळाची बरणी काढली. दुधासारखा पांढरा, एकजीव घोळ होता. गेली आठ वर्षं प्रतिभा जे शोधत होती ते त्या बरणीत होतं, आणि ते बरोबर आहे हे साऱ्या प्रयोगशाळेत आता फक्त तिलाच ठाऊक होतं. निकिता बेसिनपाशी गेली. तिने झाकण काढलं आणि बरणी तिरपी केली.

"थांब!"

निकिता वळली. प्रतिभा उठून उभी राहिली होती. फडकं तिच्या हातात पार चुरगळलं होतं. निकिता वाट पाहत राहिली.

"बेसिनमध्ये नको ओतूस," प्रतिभा म्हणाली. "पाइप तुंबतो."

आणि तिने पायानेच बादली पुढे सरकवली.