एका घावात सबंध गर

‘देवागार, मेनीना!’ हळू गो पोरी, हळू.

पासष्ट वर्षांमागचा तो आवाज सेलेस्तीनबाईंच्या कानात अजून ताजा होता. मोझांबिकच्या बेइरा बंदरात वडील रेल्वेत होते. शेजारची लाउरिंदा मागच्या पायरीवर काजूच्या बिया भाजायची, भाजलेली बी राखेत लोळवायची, दगडावर कुशीवर ठेवायची आणि टक्! एका घावात सबंध गर. छोट्या सेलेस्तीनने घाई केली की तो आवाज यायचा. आई रोझालीन शेजारी बसून शिकायची.

पुढे कुटुंब कोकणात, बांद्याजवळच्या आजोळी परतलं. रोझालीनने काजू फोडायची शेड घातली, गावच्या बायकांना ती रीत शिकवली. कुठे शिकलीस, असं कोणी विचारलं की म्हणायची, ‘गोंयात, मावशीकडे.’ आफ्रिकेतल्या काळ्या बाईची विद्या म्हटली असती, तर त्या काळी कोण शिकायला बसलं असतं? खोटं रुजलं आणि त्याचं गाणं झालं. शेडमधल्या बाया बी फोडता फोडता गायच्या:

राख लाविली बोटाला, बी ठेविली कुशीवर,
रोझालीनबायची शिकवण, चंद्र उतरे हातावर.

त्या बायांतलीच एक आनंदीबाई. तिचा मुलगा गुरुदास सेलेस्तीनबाईंकडेच शाळेत शिकला. आता तो आमदार होता. पण विधानसभेत बोलायचं असलं की भाषणाचे कागद घेऊन बाईंच्या पडवीत यायचा.

आजही आला. ओल्या काजूंची उसळ आणि पाव पुढ्यात आला तसा खूश झाला.

“बाईनू, आमदार झालंय, तरी तुमच्यासमोर अजून पाय कापतत.”

“मगे बस नी वाच. हात पूस आधी, कागद तेलकट होतलो.”

गुरुदास वाचू लागला. आफ्रिकेतल्या देशांना दिलेली जकातीची सूट पुढे चालू ठेवायची का, यावर अमेरिकेत खल चालला होता. त्याचं मत सरळ होतं: ही सूट थांबावी, आणि दिल्लीने अमेरिकेला तसं कळवावं. “आज आफ्रिकेची कच्ची बी आमच्या कारखान्यांत येते आणि आमच्या बायकांना काम मिळतं. उद्या त्या सुटीमुळे अमेरिका त्यांचा सोललेला गर घेऊ लागली, तर ती बी इकडे कशाला येईल?”

बाईंनी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात? वाडीतल्या निम्म्या चुली त्या बीवरच पेटत होत्या.

“आणि शेवट आयका. ‘आफ्रिकेच्या बायकांना बी पिकवता येते, सोलता येत नाही. ती कला माझ्या आईच्या गुरू रोझालीनबाईंच्या हातात जन्मली. त्यांचंच नाव आम्ही नव्या प्रशिक्षण केंद्राला देत आहोत.’” त्याने हसत वर पाहिलं. “ह्या तुमका आधी सांगूक नाय. खूश?”

आईचं नाव पाटीवर! बाईंचा ऊर भरून आला. हातातली पेन्सिल त्या ओळीवर टेकली आणि तिथेच थांबली. बोलावं, तर आई खोटी ठरते. गप्प राहावं, तर ती पायरीवरची बाई अडाणी ठरते, तीही भर सभागृहात, आपल्याच विद्यार्थ्याच्या तोंडून.

“काय चुकला, बाईनू?”

पडवीत ऊन उतरलं होतं. आईला राग येईल का? बाईंना वाटलं, नाही. तिलाही सुटल्यासारखंच वाटेल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“बाजाराचा तुका कळता, गुरुदासा. आपल्या बायांसाठी भांड, भांडूकच व्हया. पण ती शेवटची ओळ काढ. माझ्या आवशीक ही रीत गोंयात कोणी शिकवूक नाय. बेइराक आमच्या शेजारची लाउरिंदा, तिना शिकयली. आफ्रिकेची बाई ती. आवशीन तिचा नाव लपयला नी इतकी वर्सां मीय लपयलंय. पाटी लावतलस, तर दोन नावां लाव.”