येतो बरं

मी कहकशाँ. अकोल्यातल्या एका छोट्या कंपनीत मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखते. माणसाला काय दिसावं, त्याचं बोट कुठं जावं, हे ठरवणं माझं काम. पियुष ते कोडमध्ये बसवतो. आमचं रोज वाजायचं, कारण त्याच्या मते मी फक्त रंगरंगोटी करते.

२०१६ सालचं ते काम मात्र रंगाचं नव्हतंच. गावोगावच्या आत्महत्यांनी पेपर भरलेले असायचे. ज्याचं मन जड झालंय त्यानं मोबाइलवर बोलावं, बटण दाबावं, की निरोप समुपदेशक बाईंकडे जाईल आणि त्या उलट फोन करतील, एवढंच आमचं अ‍ॅप. चांदूर रेल्वेजवळच्या एका गावात ते वापरून पाहायला दिलं होतं. महिना होत आला तरी एकही निरोप पोचला नव्हता.

"लोकायले वापरता येत नाही, त्याले मी काय करू?" पियुष म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि सर्व्हरवर साठून राहिलेले, न पाठवलेले निरोप त्याला उघडायला लावले. बरेच निघाले. लोक बोलले होते, शेवटी "येतो बरं" म्हणाले होते, आणि पुढं नुसता भांड्यांचा आवाज, बकरीचं ओरडणं. बटण कुणीच दाबलं नव्हतं.

त्यात एक आवाज सुभद्राबाईंचा होता. "मले आता राहावंसं वाटत नाही. सांगू कोनाले? बाई, फोन करजा. येतो बरं."

निरोप आठ दिवसांपूर्वीचा होता. पियुषनं हेडफोन काढून ठेवला. त्यांना फोन लावला, तर बंद. गावात दुसऱ्या कुणाचाही लागेना. समुपदेशक बाईंना कळवलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो.

सुभद्राबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. मला रडूच फुटलं. पियुष त्यांच्याजवळ पायरीवर बसला. गावात वीज नव्हती, चार्जिंग संपून सगळ्यांचे फोन बंद पडले होते.

"मावशी, बटन काहून नाही दाबलं?" त्यानं आपल्या मोबाइलवर तो स्क्रीन दाखवला. मी बटणाची जागा आखली होती, बोलणं झालं की दाबायचं म्हणून शब्द त्यानं घातला होता: संपवा.

"माह्या मालकाची बातमी पेपरात आली, त्यातबी हेच लिवलं होतं. जीवन संपवलं म्हनून," त्या म्हणाल्या. "मी एवढं बोलली, अन् फोन मलेच म्हने, संपवा. मंग मी त्याले पालथा ठेवला."

पियुषनं लॅपटॉप उघडून मला विचारलं, "काय लिहू?" इतक्या दिवसांत हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"लोक शेवटी म्हणतात तेच."

"पण बाई 'येते' म्हनीन ना?"

"ऐकलं नाही का? इथं बायाही 'येतो'च म्हणतात."

त्यानं तिथंच शब्द बदलला आणि आपला मोबाइल सुभद्राबाईंच्या हातात दिला. त्या बोलायला लागल्या तसे आम्ही अंगणाच्या कडेला जाऊन थांबलो. खूप वेळ बोलल्या. शेवटी त्यांनी 'येतो' दाबलं.

थोड्या वेळानं समुपदेशक बाईंचा फोन आला. सुभद्राबाईंनी तो कानाला लावला.

"आली का वं बाई?" त्या म्हणाल्या. "आठ दिस झाले, वाट पाहून राहिली मी."