तोंडात थर्मोकोल

मी झरोका बोलतोय. पारोळ्यातल्या अभिमनआबांच्या न्हाणीघराचा. आवाज दबका येईल, कारण माझ्या तोंडात थर्मोकोल कोंबलाय. घाईत बोलतो, आबांच्या पत्नी मंजुळाबाई आत्ताच आत आल्या आहेत.

चार आडव्या काचा आणि बाहेरून जाळी, एवढाच माझा देह. काम एकच, ओली हवा बाहेर घालवायची आणि कोरडी आत घ्यायची. पगार नाही, बढती नाही, पण भिंतीत साहेबासारखा उंच बसायचो. घर बांधताना आबांनीच मला हौसेने बसवून घेतलं. आबा तेव्हा एस.टी.त कंडक्टर होते. खिडकी उघडायची की लावायची यावरून भांडणारे प्रवासी त्यांनी जन्मभर शांत केले. घरी मात्र त्यांच्याशी भांडणारं कोणी नव्हतं.

माझे हाल मे महिन्यात सुरू झाले. मुलगा समाधान नरडाण्याला कारखान्यात लागला आणि त्याने मोठा कूलर आणला. आबांनी सगळी दारं-खिडक्या लावली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"बठ्ठी गार हवा आठून पयी जास!"

गार हवा पळवतो म्हणून कूलरच्याच खोक्यातला थर्मोकोल माझ्या तोंडात गेला, वर खाकी चिकटपट्टी. कूलरची हवा आत यायची तर आधीची बाहेर जायला वाट हवी, हे आबांना कोण सांगणार? मिठाला पाणी सुटलं, पापड वातड झाले. आबांनी कूलरवाल्याला शिव्या दिल्या.

उन्हाळा गेला. थर्मोकोल तात्पुरत्या नेमणुकीसारखा कायम झाला. भिंतीवर काळी बुरशी चढली. लाकडी दार फुगलं, कडी बसेना.

"आबा, तो झरोका तरी मोकळा करा," सून कोकिळा म्हणाली.

"आता थंडी यीन बेटा."

थंडीसाठी मग गॅसचा गिझर आला, तोही न्हाणीघरातच. त्याची ज्योत माणसाच्या वाट्याची हवा खाते आणि कोंडलेल्या जागेत विषारी वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. तो बाहेर जायचा तो माझ्यातूनच, आणि मी असा बुजलेला.

गेल्या आठवड्यात कोकिळा नहाताना कोसळली. कडी बसत नव्हती म्हणूनच वाचली. मंजुळाबाईंनी दार ढकललं आणि तिला ओढत अंगणात नेलं. मोकळ्या हवेत तिने डोळे उघडले.

"सोमवारना उपास, मंगळवारना उपास! चक्कर यीच ना!" मंजुळाबाई रडतही होत्या, रागावतही होत्या.

"अक्का, उपास कुठला? काल दोनदा जेवले मी."

"मंग पित्त व्हई," आबांनी निकाल दिला.

कोणी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. आबांनी एवढाच धडा घेतला की घरात सून असताना बिनकडीचं दार शोभत नाही. दोन दिवसांत प्लास्टिकचं नवं दार आलं. ते फुगत नाही, त्याला फट नाही, कडी एका बोटाने सरकते.

तीच कडी मंजुळाबाईंनी आत्ता लावली. आज डोकं धुवायचं आहे, म्हणजे वेळ लागणार. गिझर फरफर पेटलाय. आरसा केव्हाच पांढरा झाला. त्यांनी दोनदा कपाळ दाबलं, आणि मला भिंतीतून उडी मारता येत नाही.

एक आशा होती. वाफेने चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला. जन्मभर मी ओलाव्याला हाकललं, आज त्याच्यापुढे हात जोडले. बाबा, अजून थोडी सुटू दे. थर्मोकोल कलला. बोटभर गार वारा आत आला.

"ओ माय, वारा कोठेन यी ऱ्हायना?"

त्या स्टुलावर चढल्या. सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. नीट, सावकाश, घर नेटकं ठेवणाऱ्या बाईसारखा.

आता त्या खाली बसल्या आहेत. हातातला मग गळून पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. आबा ओट्यावर पेपर वाचताहेत. कोकिळा मिक्सर लावून बसली आहे.

तुम्ही दाराबाहेर आहात ना? मग माझं ऐकत उभे राहू नका. अक्का म्हणून एकदा जोरात हाक मारा. ओ आली नाही, तर ते नवं दार तोडा.

माझ्या थर्मोकोलचं नंतर बघू.