पेलमचा डावा हात

आमच्या पेलमपटांत, म्हणजे मेजर पेलम या हेराच्या चित्रपटांत, नवं असं फारसं काही नसतं. दर तीन-चार वर्षांनी पेलमचा चेहरा बदलतो, गाडी बदलते, शत्रूचा देश बदलतो. बाकी सगळी जुन्या पेलमपटांना मानवंदना. दुसऱ्या चित्रपटातली तडा गेलेली किटली सातव्यात कुणाच्या तरी टेबलावर दिसणार. चौथ्यातल्या खलनायिकेचा हिरवा हातमोजा पुढे कुठल्याशा दुकानाच्या काचेत डोकावणार. चाहते असल्या गोष्टी हुडकून काढतात आणि आपणच हेर असल्यासारखे खूश होतात. मी लिनेट हॅलिवेल, याच चित्रपटांच्या कपडेपटात आयुष्य घालवलेली शिंपीण. तो हिरवा हातमोजा मीच किती वेळा नव्याने शिवलाय, त्यामुळे मला त्याचं काडीचं कौतुक नाही.

सगळ्यांत मोठी मानवंदना म्हणजे डावा हात. तिसऱ्या चित्रपटात पेलम ओल्डम गावातल्या एका बंद सूतगिरणीच्या चिमणीवरून दोराने खाली येतो, आणि अर्ध्या वाटेवर डावा हात सोडून उघडा पंजा वर करतो. अगदी मजेत, ओळखीचं कुणी दिसल्यासारखा. पुढच्या दृश्यात तो जमिनीवर उभा राहून बाही झटकत असतो. तेव्हापासून प्रत्येक पेलम कुठून ना कुठून खाली येताना तो हात वर करतो, आणि थिएटरातले लोकही बसल्या जागी हात वर करून त्याला उत्तर देतात. आता ती रीतच पडून गेली आहे.

चिमणीवरचा तो माणूस माझा बाप, डेस हॅलिवेल. चिमण्या दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातला, म्हणून नटाच्या जागी त्याला वर चढवलं होतं. बाही झटकतो तो नट. त्या दोन दृश्यांच्या मधे माझा बाप खाली पडून मेला. वर विटांच्या कडेला घासून दोर तुटत चाललाय हे त्याला कळलं, म्हणून त्याने हात वर केला. आमच्या घरच्या धंद्यात उघडा पंजा म्हणजे थांबा. दोर थांबला असता तर शेजारची लोखंडी शिडी धरता आली असती त्याला. पण खाली चरखीवर बसलेला माणूस दोर सोडतच राहिला. हात वर होतो तिथपर्यंतची फिल्म त्यांनी चित्रपटात ठेवली, कारण म्हणे ती फार सुंदर आली होती. मी तेव्हा लहान होते, शेजारणीकडे ठेवलेली. आई चिमणीपाशी होती, एवढंच मला माहीत. त्या दिवसाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही.

आई, म्हणजे एडना, प्रत्येक पेलमपट पहिल्याच दिवशी बघते. लोकांना वाटतं, नवऱ्याच्या आठवणीपायी बघते. तसं काही नाही. एकदा तरी कुणीतरी दोन्ही हातांनी दोर धरून जमिनीवर पोचावं, एवढीच तिची इच्छा. "एकदाच गं, लिनेट," ती दर वेळी तिकीट काढताना म्हणते. आणि दर वेळी तो हात वर होतो. यंदा तिच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. पुढचा पेलम येईपर्यंत आई नसणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आणि नेमकं यंदाच त्यांनी ठरवलं की मालिकेचा मोठा वाढदिवस आहे, तर पुन्हा त्याच चिमणीवर जायचं. तोच कोट, तोच दोर, तोच हात.

तो कोट अंगाला घट्ट बसतो. हात डोक्यावर न्यायचा तर डाव्या काखेत जादा कापडाचा तुकडा लावावा लागतो, हात खाली असताना बाहेरून न दिसेल असा. दर पेलमला तो मीच लावत आले. या वेळी कोट घालून बघायला जेरोम आला. नटाच्या जागी चिमणीवरून तोच उतरणार होता. गोड पोरगा, पण तोंडाला खीळ नाही.

"लिन, काखेत केवढा आवळतोय हा! तुला वाटलं मी बाहुला आहे?"

"तुकडा लावायचा राहिलाय."

"मग लाव की. त्या हातासाठी तर मला घेतलंय. घरच्यांना सांगून ठेवलंय मी, बाकी काही बघू नका, फक्त माझा हात बघा."

मला काय झालं कोण जाणे. टाचण्या खाली ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. जेरोम कोटासकट इस्त्रीच्या टेबलावर बसला.

"आणि हे कुणालाच माहीत नाही?"

"ज्यांना माहीत होतं ते मेले, राजा. उरलेल्यांना सांगितलं की ते अरेरे म्हणतात आणि कोट कधी तयार होईल ते विचारतात."

तो बराच वेळ काखेतली शिवण चाचपत राहिला. मग म्हणाला, "नको लावू तुकडा. कोटानेच अडवलं म्हणेन मी. कोटाला कोण नोकरीवरून काढणार?"

ओल्डमला यायला आईने साफ नकार दिला. मी चिमणीखाली उभी होते. जेरोम वरून निघाला आणि दिग्दर्शक गॅरेथ कर्ण्यातून ओरडायला लागला, "हात! जेरोम, हात कर!" जेरोम दोन्ही हातांनी दोर धरून सावकाश खाली आला. त्याचे बूट जमिनीला लागले तेव्हा मी इतक्या जोरात श्वास सोडला की शेजारची मेकअपवाली दचकली. दुसऱ्यांदा घेईपर्यंत वारा सुटला आणि सुरक्षेवाल्यांनी चिमणी बंद करून टाकली.

"तुकडा विसरलीस, लिन? तू?" गॅरेथने विचारलं.

"वय झालं माझं."

"असू दे, असू दे. उतरला मात्र काय सुंदर! बाकीचं बघू नंतर."

मला वाटलं, त्याने नाद सोडला. मी गाड्यांच्या मागे जाऊन घरी फोन लावला.

"आई, दोन्ही हात दोरावर."



"पोचला?"

"पोचला. चहात बिस्कीट बुडवून खातोय."

"बिस्कीट," आई म्हणाली, आणि हसली. ती अशी हसलेली मी कधी ऐकली नव्हती. मला तिथेच रडू फुटलं.

चित्रपट तयार झाला की आधी आम्हा कामगारांना दाखवतात, लंडनला, रविवारी सकाळी. आईने शनिवारी केस सेट करून घेतले, ठेवणीतला निळा कोट काढला, पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या. तिची चाकाची खुर्ची जेरोमने ढकलली. थिएटरात ती आमच्या दोघांच्या मधे बसली.

"मिसेस हॅलिवेल, आज डोळे मिटायचे नाहीत हं," तो म्हणाला.

"मिटले तर चिमटा काढ मला," आई म्हणाली.

चिमणी आली. जेरोम कडेवरून निघाला, दोन्ही हात दोरावर, एकेक पाऊल विटांवर टेकत. आई पुढे झुकली. तो अर्ध्या वाटेवर आला. आणि त्याचा डावा हात दोरापासून सुटला, वर गेला, पंजा उघडला.

सगळ्या थिएटरात हात वर झाले. आमचेच लोक, माझ्याशी रोज चहा पिणारे, हसत हात वर करत होते.

"मी नाही केला," जेरोम आईच्या अंगावरून माझ्याकडे वाकला. "लिन, शपथ घेतो, मी हात सोडला नव्हता!"

मला माहीत होतं. कॉम्प्युटरवाल्यांनी काढला होता तो. काम चोख होतं त्यांचं, काखेत मी न लावलेला तुकडासुद्धा होता, माझ्याच शिवणीचा.

मला आईकडे बघवेना, पण बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मान वळवून लोकांचे वर झालेले हात बघत होती. तिचे स्वतःचे दोन्ही हात पर्सखाली दाबलेले होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दर वेळी, दर चित्रपटाला, ते तिथेच असतात.

"चल आई, घरी जाऊ," मी म्हणाले.

"त्यांच्यावर कशाला चिडतेस? त्यांना काय माहीत," ती हळूच म्हणाली. "मीही केला होता."

"काय केलं होतंस?"

"मी त्याला डबा घेऊन गेले होते. चरखीशेजारी उभी होते. त्याने हात वर केला. मला वाटलं, मला बघून करतोय. म्हणून मीही केला. चरखीवरच्या माणसाने थांबवलं होतं गं चाक. थांबवलं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि परत सोडायला लागला."

पडद्यावर पेलम बाही झटकत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिचा हात धरायला गेले, पण तिने तो पर्सखालून काढला नाही.