दहावा फोन

"आला का आवाज?" फोनवाल्याने टेबलाखालून विचारलं.

"नाही," वरून उत्तर आलं.

त्याने भिंतीतली वायर उपसून पुन्हा खोचली, गुडघ्याला लागलेली धूळ झटकली आणि एका हाताने कंबर धरून बाहेर आला. फोनचा दिवा तर हिरवा होता. मग त्याला शंका आली आणि तो आवाज वाढवायचं बटण दाबत राहिला. सहाव्या दाबाला फोन त्याच्याच आवाजात "सात, आठ" म्हणाला.

"आवाज मीच बंद करून ठेवतो," खुर्चीतले खरेदीप्रमुख म्हणाले. "मेला सारखा वाजतो."

"आज साडेअकराला तेवढा वाजू द्या, सर. उद्या पुन्हा दाबा त्याचा गळा."

खरेदीप्रमुख हसले नाहीत. आज कुणीच हसायच्या मनःस्थितीत नव्हतं. हा सातवा फोन होता, अजून दोन बाकी होते, आणि फोनवाल्याचे पाय सकाळी साडेआठपासूनच भरून आले होते.

काम तसं डोकं खाणारं नव्हतं. साडेअकराला कोर्टात निकाल वाचला जाणार होता आणि कोर्टाने ऑफिसला तो ऐकण्यापुरती एक लिंक दिली होती. तिथे न्यायाधीश बोलतील ते सर्व्हरमध्ये घ्यायचं आणि टेबलांवरच्या फोनांना त्याच क्षणी वाटून द्यायचं. ऑफिसात फोन तीनशे बारा, सगळे एकाच नेटवर्कवर. स्क्रीनवरच्या यादीत ज्याच्या नावापुढे खूण करायची तो फोन आपणहून बोलायला लागणार, रिसीव्हर उचलायचीही गरज नाही. चाचणीसाठी फोनवाल्याने एक ते दहा आकडे म्हणून ठेवले होते आणि सकाळपासून तेच फिरत होते. प्रत्येक फोन दुसऱ्यापेक्षा किंचित मागे बोलायचा. त्यामुळे मधल्या बोळातून जाताना एका दारातून पाच, पुढच्या दारातून चार, असं ऐकू यायचं आणि स्वतःचाच आवाज ऐकून ऐकून त्याला उबग आला होता.

कुणाकुणाला ऐकवायचं ती यादी ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी दिली होती. नऊ केबिन. अधिकारी सभागृहात एकत्र जमले की ते बाहेर दिसतं, कुजबुज सुरू होते. त्यापेक्षा ज्याने त्याने आपापल्या दाराआड ऐकावं, असं साहेबांचं म्हणणं.

"नऊ म्हणजे नऊ," यादी देताना ते म्हणाले होते. "दहावा वाजला तर मी तुलाच विचारणार."

आणि ज्यांचा निकाल होता, त्यांचं काय? ते एकेचाळीस जण होते. सफाईवाल्या, लिफ्टमन, माळी, सुतार, गेटवरचे पहारेकरी. सगळे कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी कागद संपायचा, एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद. सहा वर्षांपूर्वी या लोकांनी कायम करा म्हणून दावा लावला होता. कोर्टात जायला आज फक्त दोघांना रजा मिळाली. मोबाइल तर सगळ्यांचेच गेटवरच्या कपाटात जमा असायचे. म्हणजे ज्यांच्या आयुष्याचा निवाडा, त्यांना तो संध्याकाळी गेटबाहेर पडल्यावर कळणार, आणि खरेदीप्रमुखांना मात्र खुर्चीत बसल्या बसल्या.

आठव्या केबिनकडे जाताना चहाची खोली लागली. मावशी कपांची रांग लावत होती. एकोणीस वर्षं ती या ऑफिसात फरशा पुसत होती. दाव्याचे सगळे कागद तिच्याच हातून वकिलाकडे जायचे, कारण झाडू-फडक्यांच्या कपाटाचं कुलूप ऑफिसातलं सगळ्यात भक्कम कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला असायची. रजेच्या दोन जागांतली एक खरं तर तिची होती. ती तिने लिफ्टमनला देऊन टाकली. इतकी वर्षं लोकांना वर नेतोय बिचारा, म्हणाली, एकदा कोर्टाची पायरी तरी चढू दे.

"ऐक रे," तिने हाक मारली. "तुझं ते एक-दोन-तीन ऐकून कान किटले."

"माझेही."

"साहेबांच्या फोनवर आज कोर्ट बोलणार म्हणे."

त्याने हातातली वायर गुंडाळायला घेतली.

मावशीने भिंतीवरच्या फोनकडे मान वळवली. चहा मागवायला म्हणून लावलेला फोन, आकडे पुसट झालेला. "हा पण तसलाच आहे ना?"

"तसलाच आहे."

"मग याच्यावरही लाव की. दार लावून घेईन मी. बारीक आवाजात. स्वतःच्या कानांनी ऐकावं एवढंच. सहा वर्षं झाली."

"बघतो," फोनवाला म्हणाला.

एकोणीस वर्षं ऑफिसात काढलेल्या बाईला 'बघतो' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा कप लावायला लागली. तो चांगला धडधाकट माणूस, तरी तिथून निघताना पाय ओढत निघाला.

कारण त्याचंही एक 'बघतो' होतं. सुरुवातीला दाव्यात त्याचंही नाव होतं. तोही अकरा महिन्यांचाच, चौदा वर्षांपासून. पण चार वर्षांपूर्वी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "तू शिकलेला माणूस. त्या गर्दीत कशाला उभा राहतोस? नाव काढून घे. तुझं मी वेगळं बघतो." त्या वर्षी बायको आजारी होती, मुलगी शाळेत घालायची होती, घरमालकाला दर वर्षी नोकरीचा नवा कागद दाखवावा लागायचा. त्याने माघारीची चिठ्ठी लिहिली, सही केली आणि मान खाली घालून मावशीच्या हातात दिली. मावशीने एक शब्द विचारला नाही. साहेबांचं बघणं मात्र अजून चालूच होतं.

आता त्याचा कागद एकतीस तारखेला संपत होता. आज हे लोक हरले तर तो होता तिथेच राहणार. जिंकले तर ते कायम होतील आणि उरलेल्या कंत्राटी माणसांवर साहेबांचा राग निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. अशा वेळी दहावा फोन लावायचा म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. त्याने सगळा विचार केला आणि विचार करून करून आणखीच थकला.

सव्वाअकराला साहेबांनी त्याला केबिनमध्येच थांबायला सांगितलं. "मध्येच आवाज गेला तर तू हवास." साहेब खुर्चीत, हा दाराजवळ उभा, हातावर लॅपटॉप तोललेला. स्क्रीनवर यादी होती, नऊ ओळींपुढे नऊ खुणा. यादी थोडी खाली सरकवली की 'चहाची खोली' अशी ओळ होती आणि तिच्यापुढचा चौकोन रिकामा होता. तेवढ्या एका चौकोनावर बोट दाबलं की झालं. त्याने बाण तिथवर नेला.

"सगळं ठीक?" साहेबांनी मान न वळवता विचारलं.

"हो साहेब."

त्याने बाण बाजूला घेतला. आणि साडेअकराच्या ठोक्याला फोन बोलायला लागला.

आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मग न्यायाधीशबाई. आवाज वयस्कर होता, कुठेही न चढणारा. त्या बराच वेळ वाचत होत्या. वर्षानुवर्षं तेच काम, त्याच जागी, त्याच माणसांकडून करून घ्यायचं आणि मध्ये एक दिवस घरी बसवून त्याला नवी नेमणूक म्हणायचं, हे कोर्टाला पटत नाही, असं त्या म्हणाल्या. एका दिवसाने माणूस नवा होत नाही, असंही म्हणाल्या. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. फोनवाल्याला वाटला तो आनंद की हेवा, त्याचं त्यालाच कळेना. अर्ज मंजूर, न्यायाधीशबाई म्हणाल्या. सगळ्या अर्जदारांना कायम करावं, दावा लावल्याच्या तारखेपासून.

साहेबांनी डोळे मिटले. फोनमधून आणखी एक आवाज आला, ऑफिसच्या वकिलाचा.

"एक विनंती आहे. अर्जदार क्रमांक सतरा, फोन तंत्रज्ञ. त्यांनी मध्यंतरी माघार घेतलेली आहे. त्यांना यातून वगळावं."

"तसा कागद दाखल आहे?"

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आमच्याकडे प्रत नाही. अर्जदारांकडून यायची होती."

"अर्जदारांचे वकील, तुमच्याकडे?"

"आमच्यापर्यंत असा कुठलाही कागद आलेला नाही."

"मग सतरा क्रमांक आहे तिथेच राहील," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि पुढच्या कलमाकडे वळल्या.

लॅपटॉप एकदम जड झाला. फोनवाल्याने तो दोन्ही हातांनी धरला. साहेबांनी खुर्ची हळूच त्याच्याकडे वळवली.

"तू तर चिठ्ठी दिली होतीस ना?"

"दिली होती."

"कुणाकडे?"

बाजूच्या केबिनमधल्या फोनमधून न्यायाधीशबाईंचं तेच वाक्य अर्ध्या सेकंदाने मागून ऐकू येत होतं. चौदा वर्षांत साहेबांनी विचारलं आणि त्याने सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. कुठली वायर, कुठला फोन, कुणी तोडलं, कुणी जोडलं, सगळं सांगितलं होतं.

"आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

"आठवून बघ."

"नाही आठवत."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोनकडे बोट केलं. "बंद कर ते."

त्याने बंद केलं. नऊच्या नऊ केबिन एकदम गप्प झाल्या.

चहाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मावशी भिंतीवरच्या फोनसमोर उभी राहून कप पुसत होती. पुसलेले कप एका बाजूला, आणि त्यातलाच एक पुन्हा तिच्या हातात. तो आत आला तरी तिने वळून पाहिलं नाही.

"लागला," तो म्हणाला.

"कुणाच्या बाजूने?"

"आपल्या."

मावशीने कप खाली ठेवला. पदराने हात पुसले, मग तोंड पुसलं, मग पुन्हा हात पुसले. शेवटी ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. सतरा नंबर धरून."

तिचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"मावशी, माझी चिठ्ठी तुम्ही पुढे दिली नाहीत?"

"नाही."

"का?"

"तू द्यायला आलास तेव्हा बघितलं होतं तुझ्याकडे. बायको दवाखान्यात, दाढी वाढलेली, उभ्या उभ्या झोप येत होती तुला. दमलेल्या माणसाने काही लिहून दिलं तर ते ठेवून घ्यायचं असतं. पुढे द्यायचं नसतं. म्हटलं, चार दिवसांनी येईल आणि परत मागेल." तिने खांदे उडवले. "तू आलाच नाहीस. मग राहिलं."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. चार वर्षं रोज हिच्या हातचा चहा तो घेत होता, आणि रोज नजर चुकवून घेत होता.

"मी तुमचा फोन लावला नाही," तो म्हणाला. "बोट तिथवर नेलं होतं. तरी नाही लावला."

"ठाऊक आहे. साडेअकरापासून बघतेय त्याच्याकडे. सगळे कप दोनदा पुसून झाले."

"मावशी, मी..."

"राहू दे." तिने पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बस. साहेब बोलावतील तेव्हा बोलावतील. न्यायाधीशबाई काय काय बोलल्या ते सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

त्याने लॅपटॉप ओट्यावर ठेवला, दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर बसला. घसा खाकरला. मग खुर्च्या सरकल्या तिथपासून सांगायला लागला, सावकाश, बारीक आवाजात.