गायमुखच्या घाटात थांबलेले इंजिन

मित्रांनो, मीरा रोडजवळ गोडदेवला बबन म्हात्रे यांचे गॅरेज आहे. आत शिरलात की डाव्या हाताला, जुन्या टायरांच्या शेजारी, लाकडी ठोकळ्यांवर एक इंजिन ठेवलेले दिसेल. त्याच्या पोटाला मुठीएवढे भोक आहे. तो मी. आता माझ्यात तेल नाही, पाणी नाही, ठिणगी नाही. पण घडले ते सारे आठवते आहे, आणि ते कोणाला तरी सांगावे असे फार दिवस वाटते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. चार सिलिंडर, आकाराने लहान, पण चपळ. दोनच माणसे बसतील अशा बुटक्या लाल स्पोर्ट्स कारसाठी मला घडवले होते. मला घडवणाऱ्यांनी सारे मोजूनमापून केले होते. मी स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढीन, तेवढ्या हवेला पुरेल इतके पेट्रोल. त्या पेट्रोलाचा भडका सोसतील इतके मजबूत पिस्टन. पिस्टनना धरून ठेवणारे दांडेही तेवढ्याच ताकदीचे. गरजेपेक्षा थोडी ताकद त्यांनी जास्तच दिली होती, पण ती अडीअडचणीसाठी होती, रोज वापरण्यासाठी नव्हती.

मुंबईतल्या एका हौशी माणसाकडे काही वर्षे काढून मी मीरा रोडला मृणालिनीबाईंकडे आलो. मृणालिनीबाई एका औषध कंपनीत यंत्रांची देखभाल पाहायच्या. यजमान लवकर गेले, मुलगा निकेत तेव्हा कॉलेजात होता. बिल्डिंगमधल्या लोकांना ही गाडी म्हणजे मोठे नवल वाटले. दोनच सीट, मग पाहुणे आले तर बसवणार कुठे, असे सगळे विचारत. बाई नुसत्या हसत. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रे सांभाळली, आता एक स्वतःचे हवे, एवढेच त्यांनी बबनदादांना सांगितले होते.

बबनदादा गोडदेवचेच. शेती गेली, खाडीवरची मासेमारी गेली, तेव्हा त्यांनी वडिलांच्या जागेत गॅरेज टाकले. माझ्यासारखे इंजिन त्यांनी आधी कधी पाहिले नव्हते. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसते ऐकले आणि म्हणाले, "बाय, हा बरा हाय. याला फक्त वेळेवर तेल द्या."

आणि बाईंनी सोळा वर्षे मला वेळेवर तेल दिले. सकाळी सुरू केल्यावर मी पुरता गरम होईपर्यंत त्या मला कधी पळवत नसत. रविवारी त्या मला घोडबंदरला नेत. किल्ल्याखाली खाडीच्या कडेला गाडी लावून थर्मासमधला चहा पीत आणि परत येत. वाटेत रस्ता मोकळा मिळाला तर मला मनसोक्त धावू देत. त्या काचा खाली करून माझा आवाज ऐकत. माझा आवाज जरा जरी बदलला तरी त्यांना कळे आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गोडदेवला हजर असू.

मग त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गिअर टाकताना हात घसरायचा. एके दिवशी त्यांनी स्वतःहूनच किल्ली निकेतच्या हातात ठेवली.

निकेत त्या वेळी चौतीस वर्षांचा होता. त्याचे लग्न मोडले होते, पाठोपाठ नोकरीही सुटली होती, आणि तो आईकडे राहायला आला होता. दिवस दिवस खोलीत पडून असायचा. आईशी जेवणापुरते बोलायचा. गाडी मिळाल्यावर तो खाली उतरू लागला. मला पुसू लागला. मोबाइलवर माझ्याविषयी वाचू लागला. असल्याच गाड्या असलेली काही मंडळी त्याच्या ओळखीची झाली. त्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा वेगवान होत्या. तिथूनच टर्बो बसवायची कल्पना निघाली.

टर्बो म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच्याच आसावर दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. पण त्याबरोबर उष्णता जास्त आणि आतल्या प्रत्येक भागावर ताणही जास्त. काही इंजिने मुळातच त्यासाठी घडवलेली असतात. मी तसा नव्हतो.

निकेतने आधी बबनदादांना विचारले. दादांनी हातातला पाना खाली ठेवला.

"याचे पिस्टन साधे हायत," ते म्हणाले. "हा आधीच हवा घट्ट दाबतो. त्यात तू वरशी कोंबून भरशील, तर याचा टिकाव लागाचा न्हाय."

"काका, कमी दाबावर काही होत नाही. सगळेच करतायत आजकाल."

"सगल्यांचा मला म्हायीत न्हाय. याचा म्हायीत हाय."

निकेतने मग हायवेवरच्या दुसऱ्या एका गॅरेजात काम करून घेतले. तिथला कारागीर वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याने पेट्रोल जास्त मिळेल अशी सोय केली, आत जाणारी हवा थंड करायला समोर जाळी बसवली, ठिणगीची वेळ नीट जुळवली. टर्बोचा दाब त्याने अगदी कमी ठेवला आणि निकेतला बजावले, की दाब याहून वाढवायचा असेल तर आधी पिस्टन आणि दांडे बदलावे लागतील, आणि पेट्रोलही नेहमी भारीतलेच भरावे लागेल. निकेत हो म्हणाला.

पहिल्यांदा हवा माझ्यात शिरली तेव्हा मी दचकलो. मग मला मजा वाटू लागली. जन्मात कधी आला नव्हता एवढा जोर माझ्यात आला होता. लोक बॉनेट उघडायला लावून माझे फोटो काढत. निकेत हसू लागला. घरी गेल्यावर आईला सांगू लागला, आज असे झाले, अमका असे म्हणाला. रविवारी तो तिला शेजारी बसवून घोडबंदरला नेई. खाडीच्या कडेला दोघे मिळून चहा पिऊ लागले. त्या दिवसांत मीही फुशारलो होतो, हे कबूल करतो.

सात-आठ महिने बरे गेले. मग मंडळीतल्या एकाने निकेतला एक छोटा स्क्रू दाखवला. तो थोडा फिरवला की टर्बोचा दाब वाढतो. निकेतने तो बिल्डिंगखाली उभे राहून स्वतःच अर्धा फेरा फिरवला. त्याच आठवड्यात घाईत साधे पेट्रोलही भरले.

त्या रविवारी चढाला मला पहिल्यांदा आतून मार बसला. हवा वाढली होती, पण पेट्रोल तिला पुरे पडत नव्हते. उष्णता इतकी वाढली की उरलेले मिश्रण भलत्याच वेळी, भलत्याच कोपऱ्यात आपोआप पेटू लागले. तो भडका पिस्टनवर हातोड्यासारखा आदळतो. बाहेर त्याचा आवाज फार बारीक येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. मला बोलता येत नाही. माझे बोलणे म्हणजे तो आवाजच.

निकेतने गाणी लावली होती. त्याला काही ऐकू आले नाही. शेजारी मृणालिनीबाई बसल्या होत्या. त्यांनी दरवाजाची मूठ घट्ट धरली, एवढे मला जाणवले. त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर महिनाभर तो आवाज कधी यायचा, कधी नाही. पिस्टनच्या कडेला बारीक तडा गेला होता आणि रोज वाढत होता. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. उलट सगळे म्हणत, गाडी आता काय पळते.

मार्चमधल्या एका सकाळी निकेत आईला घेऊन घोडबंदरच्याही पुढे निघाला. ठाण्याच्या बाजूला गायमुखचा घाट आहे. पुढे एक ट्रक रखडत होता. त्याला मागे टाकायला निकेतने पाय दाबला. खडखड एकदम वाढली.

"निकेत, पाय काढ," मृणालिनीबाई म्हणाल्या.

त्याला वाटले, आई वेगाला घाबरली. "घाबरलीस? झालंच आता," असे हसत म्हणून त्याने आणखी दाबले.

पिस्टनचा तुकडा उडाला. पाठोपाठ त्याचा दांडा वाकला, तुटला, आणि माझ्याच फिरण्याच्या जोराने माझेच पोट फोडून बाहेर आला. सगळे तेल रस्त्यावर सांडले. काही तेल तापून लाल झालेल्या टर्बोवर पडले आणि पांढऱ्या धुराने गाडी भरली. निकेतने कशीबशी गाडी कडेला घेतली. आईचा पट्टा सुटेना. तिच्या बोटांना कळ दाबता येत नव्हती. शेवटी त्याने तो सोडवला, तिला ओढून बाहेर काढले, तोवर ट्रकवाल्याने धावत येऊन माझ्यावर माती टाकली होती.

एवढ्यावर भागले नाही. मागून येणारी एक मोटरसायकल माझ्या तेलावरून घसरली. तिच्यावर एक नवराबायको होते. तो उठून उभा राहिला. तिचा हात मोडला होता. मृणालिनीबाई त्या अनोळखी बाईजवळ रस्त्यातच बसल्या आणि तिचा हात आपल्या ओढणीने बांधायला लागल्या. त्यांच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती. त्या पुन्हा पुन्हा मारत राहिल्या. निकेत तेलावर माती टाकत होता आणि वर पाहत नव्हता.

दुपारी मला गोडदेवला आणले. बबनदादांनी खालचे झाकण उघडले आणि एकेक तुकडा काढून वर्तमानपत्रावर मांडला. आईने निकेतला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याला लागले नाही ना, एवढेच दोनदा विचारले. दिवाळीपर्यंत दुसरे इंजिन बसवून तुला पुन्हा खाडीवर नेतो, असे त्याने तिला सांगितले होते.

मे महिन्यात मृणालिनीबाई एकट्याच रिक्षाने गॅरेजात आल्या. स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हळू आवाजात बबनदादांना काहीतरी सांगितले. जूनमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या नाहीत.

निकेत बरेच दिवस फिरकला नाही. आला तो गणपती झाल्यावर. दादा काम करत होते, तो माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "काका, आईनं मला पाय काढ म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिची माफीसुद्धा मागितली नाही मी."

दादांनी हात पुसले आणि त्याच्या शेजारी येऊन बसले.

"बाय आली होती हितं," ते म्हणाले. "मला बोलली, बबनदादा, मला तो आवाज महिनाभर आधीपासून ऐकू येत होता. पण तो इतक्या दिवसांनी हसत होता हो, माझ्याच्यानं बोलवलं नाही. कधी त्यानं विचारलं तर तुम्ही सांगा."

निकेतने मान खाली घातली. पुढचे बोलणे दादांना जड जात होते.

"आन् मला पन ऐकू आला होता. दोनदा तू गाडी घेऊन या गल्लीतून गेलास. मी हितंच बसलो होतो. एकदा सांगून झालाय, त्यानं दुसरीकडं काम केला, आता आपून कशाला बोला, असा मनात आला. मी उठलो न्हाय."

त्या दिवशी त्या दोघांनी मला पूर्ण उघडले. तुटलेला पिस्टन निकेतने रॉकेलने धुतला, कोरडा केला आणि तडा कुठून सुरू झाला ते बोटाने चाचपून पाहिले. पुढे हात मोडलेल्या त्या बाईकडेही तो जाऊन आला. तिने दार उघडले, बसायला सांगितले, पाणी दिले. हात अजून पुरता सरळ होत नाही, असे ती म्हणाली. हे त्याने दादांना सांगितले तेव्हा मी ऐकले.

आता तो शनिवारी गॅरेजात येतो आणि दादांच्या हाताखाली काम शिकतो. दुसरे इंजिन त्याने आणलेले नाही. लाल गाडी बिल्डिंगखाली कापडाखाली उभी आहे, पुढून रिकामी. कोणी विकत मागितली तर तो नाही म्हणतो, आणि कधी चालू करणार असे विचारले तर कापड नीट करू लागतो.

मित्रांनो, मला टर्बोचा राग नाही. तो त्याचे काम करत होता. निकेतचाही राग नाही, त्याला आनंद हवा होता आणि तो माझ्यात सापडला होता. माझे म्हणणे एवढेच आहे, की कोणाकडूनही त्याच्या घडणीपलीकडचे काम घ्यायचे असेल, तर आधी त्याला त्यासाठी घडवा. यंत्र असो की माणूस, ओझे वाढले की आतून काहीतरी सांगू लागते. ते फार हळू सांगते, आणि आजूबाजूला कोणाला ना कोणाला ते ऐकू येतेच. तुम्हाला ऐकू आले तर समोरचा हसतो आहे म्हणून गप्प राहू नका. एकदा सांगितले, आता त्याचे तो पाहील, असे म्हणून बसून राहू नका. त्याच्या रागाची भीती वाटली, तरी उठून त्याच्या दारापर्यंत जा आणि पुन्हा सांगा.